पातं जरा पुढे गेलं

२२ एप्रिल २०२३, शनिवार

वारा नैर्ऋत्येचा, बेताचा. दुपारी एक सर. कालव्याचं पाणी खुणेच्या खाली दोन बोटं.

पंपघरात बेचाळीस वर्षं रोज हे लिहिलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी हात थांबत नाही. बायको, आफके, म्हणते, "हार्मेन, तुझी पातळी आता कोण विचारतंय?" कोणी विचारत नाही, हे मलाही कळतं. पण आज वही पातळीसाठी उघडलेली नाही. हिल्डेबद्दल लिहायचं आहे, आणि ते कोणाजवळ बोलता येत नाही.

हिल्डे आमची एकुलती एक. वय एक्केचाळीस, शाळेत गणित शिकवते. नवरा सीब्रेन फ्रीसलंडकडचा, म्हणजे दिवसाला वीस शब्द खर्च करणारा. मुलगी येटे आठ वर्षांची, ती बापाचेही शब्द वापरून टाकते. चांगलं चाललेलं घर. निदान मला तसं वाटत होतं.

आज मी न सांगता त्यांच्याकडे गेलो. मुलीकडे जायचं तरी आधी दिवस-वेळ ठरवून जायचं, ही आमच्याकडची रीत. मी ती मोडली आणि त्याची शिक्षाही मिळाली. हिल्डे घरात नव्हती. सीब्रेन कपड्यांच्या घड्या करत होता.

"हिल्डे कुठे?"

"तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"शनिवारी असते ती तिकडे," सीब्रेन म्हणाला आणि मोज्यांच्या जोड्या लावू लागला.

पाच वाजता ती आली. गाल लाल, केस विस्कटलेले, आणि शीळ वाजवत! मला दारात पाहिल्यावर शीळ थांबली. "बाबा? आज?" एवढंच म्हणाली आणि हात मागे घेतले. पण मी पाहिले. तळवे सोललेले होते. अंगाला मेणबत्तीसारखा वास येत होता.

आफकेला सांगितलं. ती म्हणाली, "तू आपलं पाणी मोज." हिला काही काळजीच नाही.

२७ एप्रिल, गुरुवार

वारा उत्तरेचा, बोचरा. राजाचा वाढदिवस, सगळं गाव राजघराण्याच्या नारिंगी रंगात.

येटेने चौकात चादर पसरून जुनी खेळणी विकायला मांडली होती. मी तिच्याशेजारी घडीच्या खुर्चीवर. हिल्डे चर्चच्या भिंतीआड फोनवर बोलत होती. वारा माझ्याकडे होता, त्यात माझा काय दोष?

"हो, शनिवारी येतेच... नाही, बाबांना अजून सांगितलं नाही. कसं सांगू तेच कळत नाही. त्यांना फार लागेल ते... सीब्रेनचं काही नाही, त्याला सगळं माहीत आहे."

माझ्या हातातली कॉफी गार झाली. सीब्रेनला माहीत आहे! आणि तो मोजे लावत बसतो!

परत आल्यावर ती खुर्चीच्या दांडीला धरून म्हणाली, "बाबा, तेरा मेला पवनचक्की दिन आहे. आपण सगळे ऑस्टरवार्डला जाऊ या. डबा घेऊ, सायकली काढू. दिवसभर."

मी म्हटलं, "मी येत नाही."

"एकच दिवस मागतेय, बाबा."

"त्या चक्क्या म्हणजे पर्यटकांच्या फोटोसाठी उभ्या केलेल्या बाहुल्या आहेत. पूर्वी पाणी त्या उपसायच्या, आता आमचे पंप उपसतात. बाहुल्या बघायला जाऊन-येऊन चौदा किलोमीटर सायकल कोण मारणार?"

हिल्डेने खुर्ची सोडली आणि गिऱ्हाइकाला कोडं दाखवायला गेली. तिचा चेहरा मी पाहिला नाही, मुद्दामच पाहिला नाही.

ऑस्टरवार्डच्या बांधावर तीन चक्क्या आहेत. मधलीत माझा जन्म झाला. वडील तिचे राखणदार होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील. मी अठराचा असताना बांधाच्या टोकाला विजेचं पंपघर आलं, चक्कीला कुलूप लागलं आणि पंपघरात पहिली नोकरी मला मिळाली. वडील गावातल्या दोन खोल्यांत राहायला आले. ते गेल्यापासून मी बांधाच्या त्या भागात पाऊल ठेवलेलं नाही. कामावर जातानासुद्धा पलीकडच्या रस्त्याने जात असे.

घरी येताना आफके म्हणाली, "पोरीने दिवस मागितलाय, मूत्रपिंड नाही."

३० एप्रिल, रविवार

वारा नाही.

हे घर मोडता कामा नये. ते माझ्याच्याने बघवणार नाही. म्हणून आज सीब्रेनला बागेत बाजूला घेतलं. जेवण ठरवून झालं होतं, त्यामुळे या वेळी तक्रारीला जागा नव्हती. जावयाशी असलं बोलायचं म्हणजे तोंडात गरम बटाटा धरायचा, पण धरला.

"सीब्रेन, शनिवारचं जे चाललंय ते मला कळलंय."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "कळलं तुम्हाला? बरं झालं! हिल्डेच्या जिवाला किती दिवस घोर लागलाय."

"आणि तुझं काहीच म्हणणं नाही?"

"माझं काय म्हणणं असणार? माणसाला एखाद्या गोष्टीची ओढ असते. आपण आड येऊ नये. ती तिकडून येते तेव्हा खुशीत असते. सगळ्या घराला बरं वाटतं."

मी थक्क झालो. "येटेला?"

"येटे जाते ना कधी कधी तिच्याबरोबर. तिला फार आवडतात ते आजोबा."

आजोबा! म्हणजे वयाने मोठा माणूस आहे. मी बाकावर बसलो. सीब्रेनने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही तेराला याच. ती तुम्हाला दाखवायलाच बोलावतेय." फ्रीसलंडच्या माणसाचे महिन्याचे शब्द एका दिवसात संपले. भोळा आहे बिचारा, की शहाणा आहे, मला कळेनासं झालं.

४ मे, गुरुवार

वारा पश्चिमेचा.

संध्याकाळी आठला युद्धात गेलेल्यांसाठी गाव दोन मिनिटं थांबलं. हिल्डे माझ्याशेजारी उभी होती. तिच्या अंगठ्याला पट्टी. विचारायचं होतं, पण दोन मिनिटं बोलायचं नसतं आणि नंतर धीर झाला नाही.

९ मे, मंगळवार

वारा नैर्ऋत्येचा, ढग भरभर. पाणी खुणेला.

जायचं ठरवलं. हिल्डेचा फोन आला होता. म्हणाली, "बाबा, तू नाही आलास तर मी रागावणार नाही. पण मग मला त्या दिवसात काही अर्थ वाटणार नाही." आवाज कापत होता. लहानपणी ताप आला की असा कापायचा.

मी ठरवलं आहे ते असं: तो माणूस समोर आला तर हात मिळवायचा. नाव विचारायचं. ओरडायचं नाही. मुलीवर ओरडून काय होतं ते मला माहीत आहे. ओरडलं नाही, गप्प बसलं तरी तेच होतं, हेही मला माहीत आहे. आमच्या घरात गप्प बसूनच सगळं झालं. तेरा वर्षं वडील त्या दोन खोल्यांत खिडकीशी बसत. खिडकीतून पंपघराचा दिवा दिसायचा. मी रविवारी जायचो, हवापाण्याचं बोलायचो आणि उठायचो. हिल्डेला असं गमवायचं नाही.

आफके विचारत होती, "बाहुल्या बघायला चांगलं जाकीट कशाला?" मी जाकिटाला ब्रश मारत राहिलो.

१३ मे, शनिवार

वारा ईशान्येचा, मध्यम. ऊन.

सावकाश लिहितो. घाई केली तर चुकेल.

हिल्डे पहाटेच पुढे गेली होती, "जरा काम आहे" म्हणून. आम्ही चौघं नऊला निघालो. वारा समोरून. येटे माझ्याबरोबर सायकल मारत होती.

"आजोबा, मला एक गोष्ट सांगायची बंदी आहे."

"काय सांगायची?"

"तेच तर सांगायची बंदी आहे!"

पोरीलाही यात ओढलं आहे, या विचाराने मला पायडल जड झालं. आफके मागून ओरडली, "हार्मेन, गायी पुढे जातील!"

बांधाच्या वळणावर तीनही चक्क्या दिसल्या. कडेच्या दोन फिरत होत्या. मधली थांबलेली होती आणि खालच्या पात्यावर कोणीतरी चढून शीड पसरत होतं, निळ्या कामाच्या कपड्यांत. मी मनात म्हटलं, नवशिका आहे, दोरी डाव्या हाताला ओढतोय, तळवे सोलून घेईल. गाठ मारून ते माणूस खाली वळलं. ती हिल्डे होती.

दारातून एव्हर्ट बाहेर आला. पहिल्या चक्कीचा एव्हर्ट, एकोणऐंशीचा, मला जन्मापासून ओळखणारा. "काय रे हार्मेन? पंप बंद पडले की वाट चुकलास?"

मी इकडेतिकडे बघत आफकेला हळूच विचारलं, "तो कुठाय?"

"कोण तो?"

"तो. शनिवारचा."

आफके माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. मग ती इतकी हसली की सायकल कुंपणाला टेकवावी लागली. "अगं हिल्डे, ऐकलंस का? तुझ्या बापाला वाटलं... हा बघ तुझा शनिवारचा! दात चार आणि गुडघे उसने!"

एव्हर्टने टोपी काढून मला वाकून नमस्कार केला. सीब्रेन गवतात बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो म्हणाला, "बागेत... बागेत तुम्ही ते बोलत होतात?" मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतकं हलकंही.

हिल्डे मात्र हसत नव्हती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हाताला दातेऱ्या चाकांना लावतात ते मेण. "दोन वर्षं शिकतेय, बाबा. गेल्या महिन्यात परीक्षा पास झाले. आता ही चक्की मी चालवू शकते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

मी काय म्हणालो असतो ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. म्हणून मी म्हटलं, "शीड डाव्या हाताने ओढू नकोस. उजव्याने ओढ, डाव्याने धर."

"एव्हर्टकाकाही तेच ओरडतात," ती म्हणाली आणि पळत मागे गेली. गतिरोधाचा दोर ओढला. पाती कुरकुरली, हलली आणि निघाली.

दुपारभर लोक येत होते. हिल्डे त्यांना जिने चढवत होती आणि येटे सगळ्यांना सांगत होती, "माझी आई मालकीण आहे," जे खरं नव्हतं. मी आत गेलो. खालच्या खोलीत भिंतीतला पलंग तसाच आहे. एक पाहुणी त्याचा फोटो काढत होती. तिला सांगावंसं वाटलं की मी यात जन्मलो, पण सांगितलं नाही. पातं खिडकीवरून जातं तेव्हा खोली क्षणभर काळोखते आणि पुन्हा उजळते. माझं शरीर ते विसरलं नव्हतं. मी तिथे बराच वेळ बसलो.

चारच्या सुमारास आम्ही बाहेर बाकांवर डबा उघडला. पाव, चीज, आफकेने केलेली सफरचंदाची वडी. एव्हर्ट खाता खाता म्हणाला, "तुझा बाप गेला तेव्हा मी आलो होतो तुझ्याकडे किल्ली मागायला. आठवतं?"

"कसली किल्ली?" हिल्डेने विचारलं.

एव्हर्टने माझ्याकडे पाहिलं आणि पावाकडे लक्ष वळवलं. त्याला वाटलं होतं, मी घरात सांगितलेलं असेल.

मग मी सांगितलं. सांगायला इतकं कमी होतं की मलाच नवल वाटलं. चक्की थांबवताना पातं तळाशी पोचायच्या जरा आधी थांबवलं तर ते येणारं पातं, म्हणजे घरात आनंद आहे. तळाच्या जरा पुढे नेऊन थांबवलं तर ते गेलेलं पातं, म्हणजे घरात कोणी गेलं आहे. राखणदार गेला की त्याची चक्की दुःखात उभी करायची, हे इथल्या कुत्र्यालाही माहीत आहे. वडील गेले तेव्हा चक्की कुलपात होती आणि कुलपाची किल्ली पंपघरात, म्हणजे माझ्या खिशात होती. एव्हर्ट म्हणाला होता, अर्धा तास दे, दोर सोडतो, पाती फिरवतो, दुःखात उभी करतो. मी म्हणालो, बंद चक्कीला कसलं दुःख? नियमात बसत नाही.

"तू नऊ महिन्यांची होतीस," मी हिल्डेला म्हटलं. "नियमाबियमाचं काही नव्हतं. ती पाती तशी उभी राहिली असती तर सगळ्या प्रदेशाने बघितलं असतं आणि म्हटलं असतं, म्हाताऱ्याची चक्की पोरानेच बंद केली. मला ते सोसलं नसतं. म्हणून मी माझ्या बापाचं दुःख कुलपात ठेवलं."

हिल्डेने माझ्या बशीत वडीचा तुकडा ठेवला. मी तो खाल्ला.

पाच वाजता थांबवायची वेळ झाली. एव्हर्ट म्हणाला, "परीक्षा पास झालेल्या बाई, आज आनंदात उभी करा. सगळे बघतायत." खरंच बघत होते. बांधावर पन्नासेक माणसं असतील. हिल्डे शेपटीशी, म्हणजे चक्कीच्या मागच्या दांड्याशी उभी राहिली, दोर हातात, नजर पात्यांवर. वारा पडत आला होता. अशा वेळी वेळ साधणं अवघड, पातं कधी रेंगाळतं, कधी उगाच झेप घेतं. ती मोजत होती. ओठ हलताना मला दिसले. आणि मग मला दिसलं की ती पात्यांकडे नाही, माझ्याकडे बघते आहे.

तिने दोर सोडून रोधाला वजन दिलं तेव्हा एक झुळूक आली. पातं तळाशी आलं, थांबलं नाही आणि जरा पुढे जाऊन उभं राहिलं.

एका म्हाताऱ्याने टोपी काढली. हिल्डेचा चेहरा कानापर्यंत लाल. "अरे देवा! चुकलं, चुकलं. थांबा, पुन्हा घेते." तिने दोर पकडला.

"राहू दे," मी म्हटलं.

"बाबा, ही दुःखाची..."

"मला दिसतंय. आजची रात्र राहू दे."

तिने दोर हातातच धरून ठेवला. मग एव्हर्टकडे पाहिलं. एव्हर्ट म्हणाला, "चक्की तुझी आहे. तू ठरव." हिल्डेने दोर खुंटीला गुंडाळला, दोन वेढे आणि एक गाठ, वडील बांधायचे तशीच. मग ती माझ्याजवळ आली आणि मी तिला पोटाशी धरलं. मेणाचा वास येत होता. आफके म्हणाली, "आता रडा दोघं मोकळेपणाने, मी डबे आवरते."

येताना वारा पाठीवर होता.

१४ मे, रविवार

वारा नाही. पाणी बघितलं नाही.

सकाळी आठलाच फोन वाजला. बांधापलीकडच्या कोस्टरबाई. त्यांच्या स्वयंपाकघरातून तीनही चक्क्या दिसतात.

"हार्मेन, मधली चक्की दुःखात उभी आहे! एव्हर्टला फोन लावला, उचलत नाही. गेला की काय रे?"

"नाही हो, एव्हर्ट ठणठणीत आहे. चर्चमध्ये असेल."

"मग कोण गेलं?"

"माझे वडील."

कोस्टरबाई पंच्याऐंशीच्या आहेत. वडिलांना त्या चांगल्या ओळखत होत्या. आमच्याकडून बाम मासे न्यायच्या.

"अरे, पण ते तर... केव्हा गेले?"

"ब्याऐंशीत. नोव्हेंबरात."

मला वाटलं आता हसतील, किंवा म्हणतील की हार्मेन, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. फोनवर असल्या तरी त्या उठून उभ्या राहिल्या असाव्यात. आणि आपल्याकडे दारात उभं राहून, हात हातात घेऊन म्हणतात तसं त्या सावकाश म्हणाल्या, "हार्मेन, तुझे वडील गेले, फार वाईट झालं. मी तुझ्या दुःखात आहे."

दफन झाल्यावर त्या दिवशी मी थेट पंपघरात गेलो होतो. चहाला थांबलो नव्हतो. कोणाला हात हातात घेऊ दिला नव्हता.

मी म्हटलं, "आभारी आहे, कोस्टरबाई." आणि फोन आफकेच्या हातात दिला.